मुष्टिफंडातून उभ्या राहिलेल्या भिंती : डॉ. पंजाबराव देशमुख

अमरावतीत ‘व्हीएमव्ही’ म्हटले की ऑटोवाला पुढचे काही विचारत नाही. विदर्भ महाविद्यालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांनी एका महाविद्यालयाचेच नव्हे, तर त्याभोवतीच्या वस्तीचे आणि रस्त्याचेही नाव व्यापून टाकले आहे. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज या नावाने सुरू झालेली ही संस्था स्वातंत्र्यानंतर विदर्भ महाविद्यालय झाली आणि आता तिचे अधिकृत नाव शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था असे आहे. राजाचे नाव गेले, पुढे पाटीवरचे महाविद्यालय हे नावही गेले; लोकांच्या तोंडची तीन अक्षरे मात्र टिकली. गझलकार सुरेश भट याच महाविद्यालयाचे पदवीधर.

याच शहरात शिवाजी महाविद्यालयाचे दुसरे विश्व आहे. पहिले महाविद्यालय सरकारने उभारले. दुसरे १९४६ साली उभे राहिले ते एका शेतकऱ्याच्या मुलाच्या हट्टातून. या दोन वास्तूंमधील अंतर फार नाही, पण त्यांच्या जन्मामधील २३ वर्षांत वऱ्हाडाच्या समाजजीवनात जे घडले, त्याच्या केंद्रस्थानी डॉ. पंजाबराव शामराव देशमुख हे नाव आहे. वऱ्हाड त्यांना भाऊसाहेब म्हणते.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. वतन मोठे, पण शेती कोरडवाहू. वऱ्हाड त्या काळी कापसाचा मुलूख म्हणून जगभर ओळखला जात होता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या प्रदेशाला १८६० नंतरच्या अमेरिकन यादवी युद्धाने अचानक भाव आणून दिला. रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने आले, अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागल्या. तथापि, कापूस पिकवणाऱ्याच्या घरात पैसा क्वचितच मुक्कामाला राहिला. तो सावकाराच्या वहीतून येई आणि सावकाराच्याच वहीत परत जाई.

शिक्षणाची स्थिती याहून बिकट होती. मिशनऱ्यांनी वऱ्हाडात आपली ठाणी मांडली होती. वाशीमला अमेरिकन मेथॉडिस्ट मिशन होते, अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम चाले. त्यांचा भर अनाथाश्रम, दवाखाने व प्राथमिक शाळा यांवर होता. उच्च शिक्षणाची दारे नागपुरात उघडत. तेथे १८८३ साली स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज स्थापन झाले होते आणि तीही अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. साऱ्या वऱ्हाडात एकही महाविद्यालय नव्हते. खेड्यातल्या मुलाने चौथीपुढे शिकायचे म्हटले तरी गाव सोडावे लागे, आणि गाव सोडायचे म्हणजे परगावी खायचे काय आणि राहायचे कुठे, हा प्रश्न शाळेच्या फीपेक्षा मोठा असे. पंजाबरावांच्या पुढील साऱ्या कार्याची किल्ली या एका प्रश्नात आहे.

पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावती असा त्यांच्या शालेय शिक्षणाचा प्रवास झाला. दर टप्प्याला नवे गाव, नवे छप्पर. अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९२० साली उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. त्यासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हे धाडस किती मोठे होते, हे वऱ्हाडी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी संस्कृत घेऊन एम. ए. केले, शिष्यवृत्ती मिळवली, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उद्गम आणि विकास हा होता. तो ग्रंथरूपाने १९३३ साली प्रसिद्ध झाला.

पंजाबरावांना शेतकऱ्यांचे पुढारी म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत, वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखणारे फार थोडे. ज्या समाजाला वेदाचा अधिकार नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्या समाजातील एका तरुणाने परदेशात जाऊन वेदांवरच प्रबंध लिहावा, यातील अर्थ त्या काळच्या लोकांना नीट उमगला असणार. पुढे धर्मस्थळांच्या प्रश्नावर बोलताना त्यांना गप्प करणे कुणाला सोपे गेले नाही, त्याचे एक कारण हेच.

१९२६ मध्ये ते मायदेशी परतले. ते विलायतेत असतानाच अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले होते आणि त्याच वर्षी, १९२३ मध्ये, नागपूर विद्यापीठही स्थापन झाले होते. म्हणजे महाविद्यालय नाही ही तक्रार उरली नव्हती. परंतु महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचणारी मुले कोण होती? शहरातील वकील, सरकारी नोकर, व्यापारी यांच्या घरची. पापळसारख्या गावातील मुलाला अमरावतीत डोके टेकायला जागा नव्हती. बॅरिस्टरीची सनद हाती असलेल्या पंजाबरावांनी त्यामुळे प्रथम मनावर घेतले ते छात्रालय. श्रद्धानंद छात्रालय या नावाने त्यांनी अमरावतीत वसतिगृह सुरू केले. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्याला देण्यात आले. अस्पृश्यता निवारणासाठी झटलेल्या संन्याशाचे हे नाव योजनापूर्वक निवडलेले होते. या छात्रालयात जातीची अट नव्हती.

या छात्रालयाचा खर्च मुष्टिफंडातून चाले. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी घरच्या बाईने ज्वारीची एक मूठ वेगळी काढून ठेवायची आणि साठलेले धान्य छात्रालयाकडे द्यायचे. रोख पैसा शेतकऱ्याच्या घरात वर्षातून एकदाच, कापूस विकल्यावर येतो. धान्याची मूठ रोज निघू शकते. देणगीदारांच्या यादीत ज्यांचे नाव कधीच आले नसते अशी हजारो घरे अशा रीतीने शिक्षणसंस्थेची भागीदार झाली. शिवाय ज्या घरातून मूठ निघते, त्या घरातील मूल उद्या तेथे शिकायला येणारच. पंजाबरावांच्या संघटनकौशल्याचा हा सर्वांत साधा आणि कदाचित सर्वांत चांगला नमुना म्हणावा लागेल.

याच सुमारास अमरावतीत मराठा हायस्कूल सुरू झाले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मराठा ते शिवाजी हा नावातील बदल लहान दिसत असला तरी त्यामागे विचार होता. एका जातीचे विद्यालय ही ओळख पुसून सर्वांना आपले वाटेल असे नाव त्यांना हवे होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेद्वारे जे करीत होते, त्याच जातीचे हे काम होते. दोन्हीकडे आरंभ वसतिगृहापासून झाला, हा निव्वळ योगायोग नव्हे.

दरम्यान त्यांच्या खासगी आणि सार्वजनिक जीवनात १९२७ हे साल निर्णायक ठरले. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. घरच्यांचा आणि समाजाचा रोष त्यांनी पत्करला. विमलाबाईंनी विवाहानंतर शिक्षण पुढे चालू ठेवले, कायद्याची पदवी घेतली आणि पुढे संसदेतही काम केले. त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबरला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, हा तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना त्यांचे बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार मिळाली. अशा अवस्थेतही त्यांनी कामकाज पुढे नेले. पंजाबराव या मंदिरप्रवेशाच्या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. अमरावतीच्या प्रतिष्ठित वर्तुळात त्यांना त्याची किंमत मोजावी लागली नसती तरच नवल.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह त्यांनी येथे धरला. १९३० मध्ये प्रांतिक कायदेमंडळावर निवडून येऊन ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे शिक्षण व कृषिमंत्री झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षे होते. ज्या काळात त्यांना शिकण्यासाठी पुणे गाठावे लागले होते, त्यानंतर अवघ्या एका तपात अमरावतीचे सरकारी किंग एडवर्ड कॉलेज त्यांच्याच खात्याखाली आले.

मंत्रिपदाचा हा काळ जेमतेम तीन वर्षांचा. परंतु त्यातील दोन गोष्टींची नोंद घ्यावीच लागते. पहिली हिंदू देवस्थान संपत्ती विधेयकाची. देवस्थानांकडे साठलेल्या संपत्तीचा विनियोग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांसाठी व्हावा, असा त्याचा आशय होता. १९३२ मध्ये असे विधेयक मांडणे म्हणजे आगीशी खेळणे होते आणि त्याला कडवा विरोध झाला. दुसरी गोष्ट कर्ज लवादाची. जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, कर्जाचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत. १९३३ च्या मध्य प्रांत कर्ज समेट कायद्याने धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने कमी करण्याची व्यवस्था केली. देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा. शेतकऱ्याची जमीन वाचली तरच त्याचा मुलगा शाळेत टिकेल, हा या दोन खात्यांना जोडणारा दुवा पंजाबरावांना पक्का ठाऊक होता. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणासाठी जमीन गहाण पडलेली होती.

१९४६ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. १९५४ मध्ये अकोल्यात संस्थेचे दुसरे शिवाजी महाविद्यालय निघाले. अमरावतीच्या श्री शिवाजी लोकविद्यापीठाची केंद्र सरकारच्या ग्रामीण उच्च शिक्षणाच्या योजनेत निवड झाली. त्या काळी देशभरातील मोजक्याच संस्थांना हा मान मिळाला होता. खेड्यातील तरुणाला शिक्षणाने खेड्यापासून तोडू नये, शेती, सहकार, गृहविज्ञान यांचे शिक्षण पदवीच्या तोडीचे मानले जावे, ही त्यामागची कल्पना. ती फार काळ तगली नाही. पालकांना मुलाला बी.ए., बी.एस्सी. करायचे होते आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींतही तेच मागितले जाई.

वऱ्हाडात इमारत उभी करणे आणि टिकवणे हे काम किती कठीण आहे, याचा विचार सहसा होत नाही. येथील काळी माती कापसाला मानवते, भिंतीला नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन-चार वर्षांत भिंत तिरकस तडकते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर मुरूम लागेपर्यंत खणणे परवडत नाही आणि बांधकामाला गोडे पाणी मिळणे हीही अडचण. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणूनच जुन्या इमारतींच्या भिंती जाड, छत उंच आणि चहूबाजूंनी व्हरांडे असत. विटा-चुन्याच्या अशा भिंती श्वास घेतात. दुरुस्तीच्या नावाखाली त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच राहते आणि चुना भुसभुशीत होऊ लागतो. छताची कौले काढून पत्रे टाकले की वर्ग भट्टीसारखा तापतो. जतनासाठी निधी लागतो हे खरे, परंतु पुष्कळदा निधी आल्यावरच जुनी इमारत जाते.

किल्ला किंवा राजवाडा पडू लागला तर निदान बातमी होते. शाळा-वसतिगृहाची जुनी खोली पाडली जाते तेव्हा नव्या खोलीच्या भूमिपूजनाचे छायाचित्र छापून येते. महाविद्यालयाला मूल्यांकनासाठी प्रयोगशाळा, संगणक कक्ष, अभ्यासिका हवी असते. विद्यार्थीसंख्या वाढलेली असते. त्यामुळे दोष कुणा एकाला देता येत नाही. तरीही बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास ज्या खोल्यांमध्ये घडला, त्यांची साधी नोंदवही तरी असावी, अशी अपेक्षा करणे अवास्तव नाही. १०० वर्षे पूर्ण केलेल्या सरकारी महाविद्यालयाला वारसा म्हणून पाहणे सोपे जाते, कारण त्याची इमारत तशी दिसते. ज्वारीच्या मुठीतून उभ्या राहिलेल्या इमारती साध्या असतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंजाबराव संविधान सभेचे सदस्य झाले. मसुद्यावर त्यांनी विपुल दुरुस्त्या सुचवल्या आणि खेड्यातील शेती करणाऱ्या मागास जातींचा प्रश्न सातत्याने मांडला. विदर्भातील कुणबी समाजाला पुढे इतर मागासवर्गात स्थान मिळाले, त्याचे श्रेय आजही त्यांना दिले जाते. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले.

त्यांच्या मंत्रिपदाविषयी एक गैरसमज इतका पसरला आहे की तो येथे दूर करणे आवश्यक वाटते. भाषणांतून व फलकांवरून त्यांचा उल्लेख सर्रास देशाचे पहिले कृषिमंत्री असा केला जातो. अन्न व कृषी खाते प्रथम डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते, नंतर जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे. पंजाबराव १९५२ पासून १९६२ पर्यंत कृषिमंत्री होते, परंतु मंत्रिमंडळातील खात्याची मुख्य सूत्रे रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन, स. का. पाटील अशा नेत्यांकडे राहिली. यामुळे त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही; उलट, मर्यादित अधिकारात सलग १० वर्षे एका खात्यात टिकून त्यांनी जे केले ते अधिक उठून दिसते. १९५३ मधील जपानी भातलागवडीची देशव्यापी मोहीम, १९५५ मधील भारत कृषक समाजाची स्थापना आणि डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत उघडलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांतील ठळक कामे. या प्रदर्शनातील अमेरिकी दालनाचे उद्घाटन करायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. देशोदेशीची दालने पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून शेतकरी दिल्लीला गेले. धोतर-पागोट्यातील माणसाने राजधानी पाहावी आणि राजधानीने त्याला पाहावे, ही पंजाबरावांची हौस होती.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय ६६ वर्षे. रिकाम्या झालेल्या जागेवर विमलाबाई लोकसभेत निवडून गेल्या. पुढे राज्यसभेतही होत्या.

त्यांच्या नावाची सर्वांत मोठी वास्तू त्यांच्या मृत्यूनंतर आणि संघर्षातून उभी राहिली. राज्यात कृषी विद्यापीठ कोठे व्हावे, हा वाद १९६७ मध्ये पेटला. ते पश्चिम महाराष्ट्रात जाणार हे दिसताच अकोल्यासह विदर्भात आंदोलन उसळले, गोळीबार झाला आणि त्यात तरुणांचे प्राण गेले. १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नागपूरचे १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालयही त्याच्याकडे आले. पीकेव्ही ही आणखी तीन अक्षरे वऱ्हाडाच्या बोलीत शिरली ती तेव्हापासून. कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवरही ती दिसू लागली.

श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाखांची संख्या आज दोनशेहून अधिक आहे. १९८४ मध्ये अमरावतीत त्यांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. संस्थेच्या निवडणुका जिल्ह्याच्या राजकारणाइतक्याच चुरशीने लढवल्या जातात आणि प्रत्येक पॅनेलच्या पत्रकावर भाऊसाहेबांचेच छायाचित्र असते. मुष्टिफंडाची जागा अनुदान आणि प्रवेश शुल्काने घेतली आहे. ज्या कर्जापासून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी त्यांनी १९३३ मध्ये कायदा आणला, त्या कर्जाने वऱ्हाडाला सोडलेले नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष मदतीची घोषणा केली, त्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे वऱ्हाडचे पाचही जिल्हे होते.

दरवर्षी २७ डिसेंबरला पंचवटी चौकातील त्यांच्या पुतळ्याला हार घातले जातात. पापळहून अमरावतीला शिकायला येणाऱ्या मुलाचा राहण्याचा प्रश्न मात्र आजही आहे. राज्य सरकारने अल्पभूधारक शेतकरी आणि मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आणली, तेव्हा तिला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. तिचे अर्ज महाविद्यालयीन प्रवेशानंतर ऑनलाइन भरावे लागतात.